सोळावा खर्डा

रेहाना मुजावर यांनी हेमांगीची कथा परत दिली तेव्हा पहिल्या अडीच पानांवर पेन्सिलीची एकच तिरकी रेघ होती.

"हे सगळंच काढायचं?" हेमांगीनं विचारलं.

"काढायचं. आभाळ, गुलमोहर, तुमचं बालपण, सगळं. वाचक दारात ताटकळत उभा आहे आणि तुम्ही त्याला अंगणाची माहिती देत बसलाय. तिसऱ्या पानावर आई स्कूटरवर बसते ना? तिथं गोष्ट सुरू होते."

२०४३ सालचा जुलै महिना होता. मिरजेत स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीतून रेहाना मॅडम गेली तीस वर्षं दिवाळी अंक काढत होत्या. वय बहात्तर, आवाज करडा, आणि चहा मात्र अगदी गोड. हेमांगी शिराळकर बावन्न वर्षांची. सांगलीतल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढण्याचं काम करायची. आयुष्यात तिनं लिहिलेली ही पहिलीच कथा.

"आणि हे बघा," मॅडमनी पान उलटलं. "'तिचं हृदय दुःखानं पिळवटून निघालं.' खरंच निघालं होतं?"

"म्हणजे, वाईट वाटलं होतं."

"ते वाटणारच. त्या वेळी तुमचे हात काय करत होते?"

हेमांगीनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "दादाचा मोबाइल पुसत होते. ओढणीनं. सारखा."

"मग तेच लिहा. भावनेचं नाव घेतलं की वाचक मान डोलावतो आणि पुढं जातो. हात दाखवले की थांबतो." मॅडमनी चष्मा काढला. "हा मोबाइल कथेत कुठंच नाही. का?"

हेमांगीनं ते एकतीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

२०१२ साली तिचा भाऊ विक्रांत पंचवीस वर्षांचा होता आणि ती एकवीसची. एका सकाळी आईला कुकरची रिंग आणायची होती, म्हणून विक्रांत तिला स्कूटरवरून बाजारात घेऊन निघाला. विश्रामबागेच्या पुढं गतिरोधकावर स्कूटर उडाली, मागं एका बाजूला बसलेली आई पडली, आणि दुपारपर्यंत गेली. कुत्रं आडवं आलं, असं विक्रांतनं सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं. पण ज्या रिक्षावाल्यानं दोघांना हॉस्पिटलात आणलं, त्यानं हेमांगीच्या हातात एक मोबाइल ठेवला होता. "ताई, हा दादांच्या हेल्मेटमध्ये अडकवलेला होता. कानापाशी." बास, एवढंच म्हणाला आणि गेला. चार दिवसांनी तिनं तो मोबाइल दादाच्या टेबलावर ठेवला. त्यानं उचलला. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही, ते आजतागायत.

"म्हणजे तुमची कथा हीच आहे," मॅडम म्हणाल्या. "अपघाताची नव्हे, टेबलावर ठेवलेल्या मोबाइलची. जा, लिहून आणा. ऑगस्टअखेर अंक छापायला जातो."

हेमांगीनं लिहिलं. पहाटे, ड्यूटीला निघायच्या आधी. मॅडमनी सांगितलं होतं तसं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून पाहायची आणि जीभ अडखळेल तिथं खूण करायची. विशेषण झाकून बघायची. वाक्य तरीही उभं राहत असेल तर ते विशेषण खोडून टाकायची. चौथा खर्डा झाला तेव्हा कथा सात पानांवर आली होती. रिक्षावाला दोनच वाक्यं बोलत होता. ओढणी होती. मोबाइल होता. आपण लिहिलंय ते खरं उतरलंय, हे तिला पहिल्यांदा जाणवलं आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट लक्षात आली.

दादा हे वाचणार.

विक्रांत सांगलीतच राहायचा. एकोणीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात काढून तो परत आला होता आणि शेतांवर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या दुरुस्तीचं दुकान चालवत होता. दिवाळीत हाती लागेल तो अंक वाचून काढायची त्याला सवय होती. आईनंतर त्यानं पुन्हा कधी दुचाकी चालवली नव्हती. बहीणभावात सगळं छान होतं, म्हणजे भाऊबीज, दुखणीखुपणी, एकमेकांच्या घरची लोणची. फक्त त्या एका सकाळला दोघंही वळसा घालून जायची.

तेव्हा तिला छाया-वाचकाची आठवण झाली.

तोपर्यंत बहुतेक लोक वाचनपाटीवर वाचायला लागले होते. पाटीच्या वरच्या कडेला मसुराएवढा कॅमेरा असायचा आणि तो वाचणाऱ्याचे डोळे पाहायचा. आपल्याला वाटतं की वाचताना नजर ओळीवरून सरकत जाते. तसं नसतं. नजर उड्या मारते. एका शब्दावर साधारण पाव सेकंद टेकते, पुढं उडते, अवघड किंवा अनपेक्षित काही आलं की मागं येते. शिवाय मन गुंतलं किंवा हललं की डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. हे शास्त्रज्ञांना शंभरेक वर्षांपासून ठाऊक होतं. नवं होतं ते साठवणं. एक माणूस पाच-सहा वर्षं पाटीवर वाचत राहिला की तो कुठं थबकतो, काय गाळतो, कशानं हलतो आणि कुठं पुस्तक मिटतो याच्या लाखो नोंदी जमतात. त्या नोंदी आणि वाचलेला मजकूर एकत्र करून संगणकाला शिकवलं की त्या माणसाची छाया तयार होते. तिला कुठलाही नवा मजकूर द्या, तो माणूस कुठं थांबेल आणि कुठं सोडून देईल हे ती आधीच सांगते. लेखक मंडळी सर्रास अनोळखी वाचकांच्या छाया वापरत. एखाद्या ठरावीक माणसाची छाया मात्र त्याच्या संमतीशिवाय मिळत नसे.

विक्रांतची पाटी हेमांगीनंच त्याच्या पन्नाशीला भेट दिली होती. खातं तिच्या नावावर होतं आणि संमतीच्या चौकोनात खूणही तिनंच केलेली होती, त्याच्या वतीनं, सहा वर्षांपूर्वी, काही न वाचता.

तिनं चौथा खर्डा दादाच्या छायेला दिला.

पडद्यावर निळी रेघ उमटत गेली. पहिली दोन पानं शांत. कुकरच्या रिंगेपाशी नजर जराशी रेंगाळली. रिक्षावाल्याच्या वाक्याशी रेघ एकदम उसळली. बाहुली रुंद. नजर तीनदा मागं. मग रेघ तुटली. खाली अक्षरं आली: *वाचक इथे पान मिटेल. शक्यता ९४ टक्के.*

हेमांगी तुटलेल्या रेघेकडं बघत राहिली. आपण दादाला ढकललंय आणि तो पडताना आपल्याला दिसलाय, असं तिला झालं.

पाचव्या खर्ड्यात तिनं मोबाइल हेल्मेटमधून खिशात आणला. रेघ तुटलीच. सहाव्यात तो नुसता वाजतो, कुणी उचलत नाही. आठव्यात मोबाइल आईच्या पिशवीत गेला. अकराव्यात रिक्षावाला गाळला. प्रत्येक वेळी रेघ थोडी मऊ व्हायची आणि हेमांगीला थोडं हलकं वाटायचं. वाक्यं घासूनपुसून लख्ख होत होती. एव्हाना हात चांगला बसला होता. तेराव्यात कुत्रं आलं. शेवटी शेवटी बहीण भावाच्या खांद्यावर हात ठेवते, असाही एक परिच्छेद आला. सोळाव्या खर्ड्यावर रेघ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अखंड गेली आणि शेवटी नजर बराच वेळ पानावर टेकून राहिली. *वाचक समाधानी. शक्यता ९१ टक्के.*

हेमांगीला रडू आलं. दादानं माफ केल्यासारखं वाटलं. कुणाला आणि कशाबद्दल, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

एव्हाना तिला छायेची सवय लागली होती. दादाला साधा निरोप पाठवायचा तरी आधी ती छायेला दाखवायची. 'रविवारी जेवायला ये' यावर रेघ निवांत असे. 'डॉक्टरकडं गेलास का?' यावर जरा ताठ होई, मग ती 'तब्येत बरी ना?' करायची. तिचे निरोप इतके गुळगुळीत झाले की एका दुपारी विक्रांत हातातलं काम टाकून तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"हो. का?"

"रिपोर्टबिपोर्ट काही आलाय का? लपवू नकोस."

"नाही रे दादा. असं का विचारतोस?"

"महिनाभर फार गोड बोलतीयेस. परवा तुझं लोणचं खारट झालंय म्हणालो, तर 'तुझं बरोबर आहे' म्हणालीस. जन्मात कधी म्हणाली होतीस का?" तो हसला, पण खरंच घाबरला होता. जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं सोळावा खर्डा मिरजेला नेला. रेहाना मॅडमनी तिच्यासमोरच वाचला. एकदाही पेन्सिल उचलली नाही. हेमांगीला ती शाबासकी वाटली.

"भाषा सुधारली," मॅडम म्हणाल्या. "एक शब्द जास्त नाही. पण खर्डा म्हणायचं आणि त्यात मिरचीच नाही?"

मॅडमनी कागद तिच्याकडं सरकवले.

"कुणासाठी दुरुस्त केलीत ही?"

मग तिनं छायेचं सांगितलं. मॅडमनी मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर चहाचा कप बाजूला सारला.

"हेमांगी, दुरुस्ती दोन प्रकारची असते. एकीत लेखक कथेच्या जवळ जातो, दुसरीत तिच्यापासून लांब पळतो. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हीत खाडाखोड तेवढीच, घाम तेवढाच. म्हणून तर फसायला होतं. माझंही झालंय."

"पण त्याला दुखावून मला कथा नको आहे, मॅडम."

"मग नका छापू. तसंही करता येतं, आणि त्यात लाज काही नाही. चौथा खर्डा कपाटात ठेवा. पण हे," त्यांनी सोळाव्यावर बोट ठेवलं, "हे तुम्ही एका नोंदवहीला विचारून लिहिलंय. भाऊ पाच मैलांवर राहतो. आठ दिवस थांबते मी."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास हेमांगी दादाच्या दुकानात गेली. तो एका ड्रोनचा पंखा फिरवून बघत होता. तिनं सोळाव्या खर्ड्याचे छापील कागद त्याच्यापुढं ठेवले.

"मी कथा लिहिलीये. आईच्या त्या दिवसाची. तू वाचल्याशिवाय देणार नाही."

विक्रांतनं हात फडक्याला पुसले. स्टुलावर बसून, एका लयीत, न थांबता वाचली. शेवटच्या पानावर बराच वेळ नजर टेकवून बसला. रेघेनं दाखवलं होतं, अगदी तसंच. हेमांगीचा श्वास मोकळा झाला.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला. मग कागद सरळ करत विचारलं, "फोन कुठाय?"

"काय?"

"फोन गं. रिक्षावाल्यानं तुझ्याकडं दिला होता ना? टेबलावर आणून ठेवलास. तो यात नाही." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, आज काढलास विषय एकदाचा. पहिल्या पानापासून वाट बघतोय."

हेमांगी खोक्यावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. चौथा खर्डा, संमतीची खूण, तुटलेली रेघ. निरोपांचंसुद्धा.

विक्रांत उठला. दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला.

"माझ्या डोळ्यांवर पाळत ठेवलीस?"

"हो."

"रविवारी जेवायला ये, हे पण त्या यंत्राला विचारून?"

"हो."

"अगं, मी लोणच्यावरून भांडायला आसुसलो होतो आणि तू…" रागानं त्याचे कान लाल झाले होते. बराच वेळ तो पंखा उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "दाखव. चौथा."

तिनं फोनवर काढून दिला. या वेळी ती त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळू शकली नाही. कुकरच्या रिंगेपाशी ओठ किंचित हलले. रिक्षावाल्याच्या वाक्याशी तो थांबला. परत वर गेला. पुन्हा खाली आला, पुन्हा वर. तिसऱ्यांदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

छाया शब्दशः खरी ठरली होती.

विक्रांत मागं नळावर गेला. पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला. हेमांगी पर्स उचलून निघायच्या बेतात होती, इतक्यात तो ओल्या हातांनी परत आला, फोन सरळ केला आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं वाचायला लागला. शेवटपर्यंत.

त्याच्या ओल्या हातांकडं बघताना हेमांगीला कळलं की यंत्र कुठं चुकलं. चुकलं नव्हतंच. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं बरोबर सांगितलं होतं. पान मिटलं की त्याच्या लेखी वाचन संपलं. नळापर्यंत जाऊन परत येणारा माणूस त्याच्या नोंदीत नव्हता. आणि बाहुली रुंदावते ती नकोसं काही दिसलं म्हणून, की फार दिवस हवं असलेलं समोर आलं म्हणून, हे बाहुलीवरून ओळखता येत नाही. तिच्या एक्स-रेतही हाड मोडलेलं दिसायचं, पण दुखतंय किती ते पेशंटलाच विचारावं लागायचं. रोज ती विचारायचीच की. इथं तेवढं राहून गेलं.

"एक चूक आहे," विक्रांत म्हणाला.

"सांग."

"आईला तू गप्प बसवलंयस. मागं बसून ती गप्प होती का कधी?"

हेमांगी हलकेच म्हणाली, "ती काय बोलली ते मला माहीत नाही ना, दादा."

तो स्टुलावर बसला. बोलला तो ड्रोनकडं बघत.

"चाकणहून फोन होता. मुलाखत देऊन पंधरा दिवस झाले होते. थांबून घ्यायला हवा होता. नाही थांबलो. तिकडचा माणूस सांगत होता, एक तारखेला हजर व्हा. आणि मागून ही सारखी खांद्याला टोचतेय, 'कुणाचा रे? त्यांचाच का? लागली का रे?' तर मी मान वळवली. म्हणालो, 'हो आई, लागली.' तिनं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. तेवढ्यासाठी तिनं आधाराला धरलेला हात सोडला होता, हेमा."

रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. त्यानं हातानंच थांब म्हटलं.

"एक तारखेला मी हजर झालो. एकोणीस वर्षं त्याच नोकरीत राहिलो. रोज हजेरीचं कार्ड लावताना फोनवरचा तो आवाज ऐकू यायचा. तू फोन टेबलावर ठेवलास, तेव्हा वाटलं, आता विचारेल. मग वाटलं, राखीला विचारेल. मग विचारणार नाही हे कळलं. तू मला सांभाळत होतीस. पण त्यानं काय झालं, की मी एकटाच राहिलो तिथं. त्या गतिरोधकापाशी."

हेमांगी उठली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. कथेत ठेवला होता तसा हात खांद्यावर ठेवणं तिला जमलं नाही. दोघं तशीच उभी-बसलेली राहिली.

"हे लिहू?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"लिही. फक्त मला रडवू नकोस त्यात. मी त्या दिवशी रडलो नव्हतो. बिल भरायच्या खिडकीपाशी शिरा खात होतो. कुणीतरी हातात दिला आणि मी सगळा खाल्ला. ते लिही." मग तो जरा रागानं म्हणाला, "आणि ती माझी छाया का काय, ती आधी पुसून टाक. माझ्यादेखत."

तिनं त्याच्यासमोर खातं उघडलं. यंत्रानं दोनदा विचारलं, खात्री आहे का. दुसऱ्यांदा विक्रांतनंच बोट टेकवलं.

रेहाना मॅडमना तिनं फोन केला आणि आणखी चार दिवस मागितले. त्यांनी दोन दिले.

शनिवारी सकाळी विक्रांत तिच्या स्वयंपाकघरात बसला होता. समोर अठरावा खर्डा. वाचायचा तिनं, ऐकायचं त्यानं, असं ठरलं होतं. तिनं कथा चाकणहून आलेल्या त्या फोनपाशीच सुरू केली होती. आई आता बोलत होती, खांद्याला टोचत होती. हेल्मेट, रिक्षावाला, ओढणी, शिरा. खांद्यावरच्या हाताचा परिच्छेद गेला होता. शेवटाला तिनं पुन्हा स्कूटरवरचं दृश्य आणलं होतं, कारण भावानं ते बहिणीला एकतीस वर्षांनी सांगितलं होतं. वाचत वाचत ती तिथं आली.

"'लागली का रे?' आईनं विचारलं. 'हो आई, लागली.' तिची थाप त्याच्या पाठीवर पडली. जाण्याआधी आईला ते कळलं होतं, आणि ती आनंदात होती."

"थांब," विक्रांत म्हणाला.

तिनं कागद खाली ठेवला. तो खिडकीबाहेर बघत होता. डोळे भरले होते.

"हे शेवटचं वाक्य काढ."

"सहन होत नाही का, दादा? काढते. खरं तर मी…"

"तसं नाही गं." त्यानं नाक ओढलं. "मी 'लागली' म्हटलंय, तिनं थाप मारलीये. मग कळलं होतं, आनंदात होती, हे परत कशाला सांगतेस? वाचणाऱ्याला कळतं की."

हेमांगीनं ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं. खरं होतं, म्हणूनच तिनं लिहिलं होतं. पण दादाचंही बरोबर होतं.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली.

विक्रांतनं संशयानं तिच्याकडं पाहिलं.

"अरे, खरंच बरोबर आहे!" असं म्हणून हेमांगीनं पेन्सिल उचलली आणि त्या वाक्यावर रेघ मारली.